सभापतींचं टायर

चौक गावाला एसटी चुकली तेव्हा दहा वाजले होते आणि अकराला कर्जतच्या शाळेत माझी मास्तरकीची मुलाखत होती. मी रस्त्याकडेला येरझाऱ्या घालत होतो. एका फटफटीवाल्याने विचारपूस करून मला मागे बसवलं. त्याच्या मागच्या चाकाला चक्क मोटारीचं टायर होतं, सपाट आणि रुंद.

"सभापतींच्या गाडीचं जुनं हाय," तो म्हणाला. "टिकतं लय, पन वळनावर वाकत नाय. सवयच नाय ना त्याला! मंग आपुनच वाकायचं."

सरळ रस्त्यावरही फटफटीवाल्याचं अंग स्वस्थ नसे, सारखं डावीउजवीकडे झुके. वळण आलं की तो ओरडे, "वाका, मास्तर!" पहिल्या वळणावर मी संकोचाने ताठ बसलो, तर फटफटी थेट भाताच्या खाचराकडे निघाली. पुढे मी निमूट वाकत गेलो.

वेळेवर पोचलो. मुलाखतीला मधल्या खुर्चीत सभापतीच होते. मराठीला तीन लिंगं इंग्रजांनी दिली, असं त्यांनी सांगितलं. माझे ओठ हलले, पण तेवढ्यात कानात ती आरोळी घुमली आणि मी मान डोलावली.

नोकरी लागली. टिकलीही लय.