खिसेसाहेबांनी खुर्ची दिली

बंद पडलेल्या मशीनपाशी आले की खिसेसाहेब पहिला हुकूम सोडत तो माणसांना. "हात खिशात घाला." मग मालक असोत, मॅनेजर असो की मी, सगळे खिशात हात घालून मुकाट उभे. त्यांचं खरं आडनाव अत्तार, कित्येक पिढ्या पुण्यातच गेलेल्या. पण हडपसरपासून भोसरीपर्यंत कारखान्यांत त्यांना खिसेसाहेबच म्हणत, अर्थात माघारी. समोर म्हणण्याइतका जीव कोणाला नकोसा झाला नव्हता.

हुकमामागे कारण होतं. मशीनची सर्व्हो मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, म्हणजे ड्राइव्हला, काही खटकलं की तो मोटर थांबवतो आणि इवल्याशा पडद्यावर अलार्मचा नंबर दाखवतो. आम्ही शहाणे तो वाचण्याआधीच रीसेट दाबणार. "तो बिचारा कुठं दुखतंय ते सांगतोय, तुम्ही त्याचं तोंड दाबताय आणि वर मला फोन करताय!" आधी नंबर लिहायचा, मोटर कुठे असताना थांबली ते लिहायचं, मगच बोट लावायचं, ही त्यांची शिस्त.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर ते बसत. मी हडपसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर. बिघडलेले ड्राइव्ह दुरुस्तीला त्यांच्याकडे घेऊन जायचो. पाहुण्यांसाठी खुर्ची एकच, आणि तिच्यावर कायम एखादा उघडा ड्राइव्ह विराजमान. "अहो इंजिनियर, डिग्री आणलीय का बरोबर? टेबलाचा एक पाय आखूड आहे." मी खूश व्हायचो. ज्याच्यात सुधारणेला वाव नाही असं त्यांना वाटे, त्याच्याशी ते फार सभ्यपणे बोलत.

एका दसऱ्यानंतर आमचं सगळ्यात मोठं मशीन मध्येच थांबायला लागलं, आणि तेही फक्त धुमाळच्या पाळीत. धुमाळ मांजरी गावचा, शेती सांभाळून मशीन चालवणारा. मी मोटर बदलली. ड्राइव्ह बदलला. मग माझ्या अकलेला जे शिल्लक दिसलं ते मी सांगितलं: धुमाळच मशीन नीट चालवत नाही. मालकांना ते लगेच पटलं. ऑपरेटर बदलायला सुटे भाग मागवावे लागत नाहीत.

शेवटी खिसेसाहेबांना बोलावलं. आमचे हात खिशात गेल्यावर त्यांनी फक्त धुमाळला विचारलं, "कुठं गेल्यावर थांबतं?"

"लांबडा जॉब लावला की पार टोकाला जातंय, तिथंच थांबतंय बघा. रोज तिथंच हाय त्याचं."

आठ दिवसांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. लांबडा जॉब, म्हणजे मशीनवर लावायचा लांब तुकडा, त्याच्याच पाळीत यायचा. खिसेसाहेबांनी मशीन टोकाला नेलं आणि मोटर किती फिरली ते ड्राइव्हला कळवणारी केबल हाताने चाचपली. एका जागी तिच्याभोवती बाइंडिंग वायर पकडीने पिळून आवळलेली होती. त्या फासात झेंडूची सुकलेली पाकळी. टोकाला जाताना केबल ताणली की आतली तार सुटत होती.

"खंडेनवमीला हार कोणी बांधला?"

मी बांधला होता. पूजेच्या सकाळी, धुमाळ यायच्या आधी, मालकांच्या नजरेत भरावा म्हणून चांगला आवळून. आणि मी गप्प बसलो.

"मशीन धुमाळचं, म्हणजे त्यानंच," असं मालकांनी ठरवलं आणि त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. "मी नाय बांधला, साहेब," तो दोनदा म्हणाला. खिसेसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पेटी बंद केली आणि निघून गेले.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. मला पाहताच त्यांनी खुर्चीवरचा ड्राइव्ह खाली ठेवला, फडक्याने खुर्ची पुसली. "या. आपण बसा. चहा घेणार ना आपण?"

तीन वर्षांत मला तिथे पाणीही कोणी विचारलं नव्हतं. "साहेब, हार मी..."

"मी आपल्याला काही विचारलंय का?" आवाज इतका गोड की तिथं थांबवेना.

तसाच कारखान्यात गेलो आणि सगळ्यांसमोर मालकांना सांगितलं. मालक दिवसभर बोलले. धुमाळला परत घेऊ हे एक सोडलं, तर त्यात पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखं काही नव्हतं. तिथून स्कूटरने मांजरीला. धुमाळ गोठ्यात होता. मी माफी मागितली. तो म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत राहिला. "आधी बोलला असता तर? पोरांना काय सांगू ते कळंना झालंय मला." दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते बरोबरच होतं.

खिसेसाहेबांना फोन करून म्हटलं, "सांगितलं."

"दोन दिवस लागले? एकदा डोक्यातली केबलही तपासून घे, गाढवा."

फोन ठेवून मी रडलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

खिसेसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी भेटलो तेव्हा अंथरुणावरून म्हणाले, "अजून नोकरीवर आहेस? मालक देवमाणूस दिसतो." फार जीव होता माझा त्यांच्यावर, आणि हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते ठाऊक होतं.

हल्ली मी खराडीत एका काचेच्या ऑफिसात बसून फोनवरून लोकांच्या मशीनचे अलार्म सोडवतो. सगळे मला सर म्हणतात. चुकलो तरी कोणी काही बोलत नाही. मात्र कोणी फारच अदबीने बोलायला लागलं की कोणाच्या बाबतीत गप्प बसलोय ते मी आठवायला लागतो.