छान म्हणायचं नाही

आमच्या रविवारच्या बैठकीत ‘छान’ म्हणायला बंदी होती. चुकून जो म्हणेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. ज्याचं चित्र पडद्यावर, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी दोष काढायचे. नवी मुंबईत सीवूड्सला एका निवृत्त बँकवाल्याच्या घरी आम्ही चौघं जमायचो, आणि चौघांना एकच खूळ : संगणकावर निसर्गचित्रं करायची. ब्रश नाही, रंग नाही. उंची किती, उतार कसा, ऊन कुठून, याचे आकडे द्यायचे आणि यंत्र त्यातून डोंगर उगवून देतं. नेरूळला घरी बायको म्हणायची, “खऱ्या डोंगरावर जायचं म्हटलं की यांचे गुडघे दुखतात, आणि इथे बसल्या जागी सह्याद्री उभा करतात.”

मला सगळ्यात जास्त सोलून काढलं ते आमच्या चौघांतल्या, सारसोळे गावच्या मुलीनं. वडील खाडीत मासेमारी करणारे, ही एका कार्यालयात इमारतींची चित्रं करणारी. तिशीची, जिभेला हाड नसलेली. “काका, ह्ये पानी नाय, फरशी हाय. भरती हाय का ओहोटी, त्ये तरी ठरवा!” नियमामुळे मला गप्प बसावं लागायचं, मग घरी येऊन मी आमटीत मीठ कमी आहे म्हणून भांडायचो. पण दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा करायला बसायचो आणि ते खरंच सुधारायचं. उभ्या नोकरीत माझं काम कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं. त्या शिव्यांची मला चटक लागली होती.

मग काचबिंदू निघाला. कडेनं नजर कधीपासून गळत होती, मला पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, “गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं.” थेंब लिहून दिले. मी मूर्खासारखा ते सगळं बैठकीत सांगून बसलो.

त्यानंतरच्या रविवारी माझं चित्र लावलं. सपाट माथ्याचा आमच्या साताऱ्याकडचा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी थेट इथली खाडी. दोन्ही गावं एकाच चौकटीत, हा माझा जुना हट्ट. सकाळचं धुकं ठेवलं होतं. बँकवाला म्हणाला, “वा! छान जमलंय, साहेब.” चौथा म्हणाला, बघून शांत वाटतं. मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “छान हाय, काका.”

कप विसळायचं नावही कुणी काढलं नाही. माझा भाऊ शेवटच्या दिवसांत दवाखान्यात पडून होता तेव्हा आम्ही सगळे त्याला “आज चेहरा टवटवीत दिसतोय” म्हणायचो. तोच आवाज होता हा.

खाली लिफ्टपाशी मी तिला गाठलं. “बाय, खरं सांग.”

“छान हाय म्हनलं ना.”

“आंधळ्याला भीक घालतेस का?” मी ओरडलोच. वॉचमननं मान वळवली.

तिचे डोळे भरून आले. तिनं मला बाकावर बसवलं, माझ्या पिशवीतला लॅपटॉप काढून चित्र उघडलं आणि नाक पुसून नेहमीच्या आवाजात सुरू झाली. “डोंगराचा पाय तुटलाय, काका. डोंगर आनि पानी, मधी पट्टी मोकळी ऱ्हायलीय. तिथून मागचं आभाल दिसतंय. आख्खा डोंगर हवेत हाय तुमचा.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी परत माणसासारखं बोललं होतं. “कुठे?” मी विचारलं.

“ही काय.”

“कुठे, दाखव ना.”

तिनं माझं बोट धरलं आणि पडद्यावर टेकवून हळूहळू सरकवत नेलं. “इथून… पार इथवर.” मी डोळे जवळ नेले, मग लांब केले. बोटाखाली पांढुरकं काहीतरी होतं. वरही तसंच, खालीही तसंच. पाणी कुठे संपतं, धुकं कुठलं, आभाळ कुठलं, मला काही म्हणजे काही कळेना. तिनं बोट पुन्हा सुरुवातीला आणलं आणि पुन्हा नेलं. आता ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

“दिसली का?”

“दिसली की,” मी म्हणालो. “चांगलीच मोठी चूक आहे. घरी गेलो की दुरुस्त करतो.”

तिनं दुसऱ्या हातानं लॅपटॉप मिटला. माझं बोट मात्र तिनं सोडलं नाही.