बिनझटक्याची गाडी

आमचे हे नागापूरच्या एमआयडीसीत जळालेल्या विजेच्या मोटारी वाइंडिंग करायला होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला दिवस गेले, तेव्हा यांनी भंगारातल्या स्कूटरवर ट्रकच्या बॅटऱ्या चढवल्या आणि कारखान्यात माल ओढणाऱ्या बॅटरीवरच्या ट्रॉलीची बाद मोटर बसवली. "आवाज न्हाई, धूर न्हाई. तुला आरामात दवाखान्यात नेतो," म्हणाले. रिक्षानं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. पण नवरा हौशी निघाला की बायकोनं निमूट मागं बसायचं असतं.

मोटर अंगानं दांडगी. मूठ जरा पिळली की सगळा करंट एकदम जायचा आणि गाडी उधळायची. सातव्या महिन्यात मी पहिल्यांदा मागं बसले आणि मागच्या मागं अंगणात आपटले. खरचटलंसुद्धा नाही. आम्ही दोघंही हसलो.

पुढच्याच आठवड्यात बाळ पोटातच गेलं. पडण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या.

त्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. शेजारणी भेटायला येऊन रडायच्या, मी त्यांना चहा करून द्यायचे. दूध आटलं, तेही दुसऱ्याच कुणा बाईचं आटल्यासारखं.

हे मात्र गाडीच्या मागं लागले. आता तिची गरज कुणाला होती? पण कामावरून आले की पाना घेऊन अंगणात. आधी शेगडीच्या कॉइलची तार घातली, म्हणजे करंट टप्प्याटप्प्यानं जाईल. मग दर टप्प्याला बारका हिसका बसायला लागला. शेवटी मुठीच्या तारेला सायकलचा पंप जोडला. मूठ कितीही जोरात पिळा, पंपातली हवा हळूहळूच बाहेर पडणार, करंट तितकाच सावकाश वाढणार. मूठ सोडली की पंपातलं चामड्याचं वायसर हवा अडवत नाही, गाडी तिथल्या तिथं बंद. हे त्यांनी मला दोनदा समजावलं. मी दोन्ही वेळा ऐकलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

एका रविवारी म्हणाले, "बस."

बसले. गाडी निघाल्याचं मला कळलंच नाही. शेजारचा लिंब मागं सरकला, तेव्हा कळलं. डांबरी रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली आणि मागं न बघता विचारलं, "झटका बसला?"

"न्हाई."

"त्या दिवशी बसला हुता. त्यानंच झालं का गं?"

"डॉक्टरीणबाई न्हाई म्हणल्या की."

"त्यांचं ऱ्हाऊ दे. तू सांग. तुझ्या पोटात हुतं."

मी आत चाचपून बघितलं. राग सापडला नाही, दयाही नाही. पडल्यानंतर बाळ हललं होतं का, तेही आठवेना.

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी हँडलवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागले. मी पाठीवर हात ठेवून जाणारे ट्रक बघत बसले. खरं काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. माझ्या आवाजात कसलीच माया नव्हती, म्हणूनच यांना ते खरं वाटलं असावं.