पंचाला न दिसलेली म्हैस

"गुरुजी, एवढी म्हैस दिसली न्हाई, आन् आमच्या गड्याचा अंगठा तेवढा दिसला व्हय?"

हरलेल्या संघाचा कप्तान ओरडत होता. आवाज असा, की तिकडे पारनेरच्या बाजारात शेळ्यांनी दावी तोडली असतील. गुरुजी म्हणजे माझे वडील, सामन्याचे पंच. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही कबड्डी. गुण बरोबरीत, चढाई शेवटची. चढाईला आलेल्या गड्याच्या पायाचा अंगठा कडेच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघेला लागला, म्हणून वडिलांनी शिट्टी फुंकून त्याला बाद दिलं. आणि नेमकी त्याच घटकेला एक सुटलेली म्हैस त्यांच्या नाकासमोरून मैदान ओलांडून गेली. म्हैस कसली, तिच्या दोन शिंगांवर बाज टाकली असती तर पाहुणा सुखाने झोपला असता.

वडिलांनी भाबडेपणाने विचारलं, "कोणती म्हैस?"

झालं. सगळं मैदान हसलं. ज्यांच्या शिट्टीवर आसपासची गावं वाद मिटवायची, त्या माणसाने ती गळ्यातून काढून खिशात टाकली. आता पुन्हा फुंकायची नाही म्हणाले. मला हळूच म्हणाले, एवढं जनावर दिसलं नाही, तर अंगठा तरी खरा कशावरून?

पुण्याला डॉक्टरकी शिकणारा माझा चुलतभाऊ सुट्टीला आला होता. त्याने कप्तानाला खाली बसवलं आणि उरलेल्या फक्कीने जमिनीवर मेंदू काढला. दिसायला तो भोपळाच होता. डोळ्यांनी धाडलेली खबर मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जाते, असं तो सांगू लागला. तिथल्या काही पेशींचं काम एकच, अडवायचं. आजूबाजूचा गलबला त्या दाबतात, म्हणून रेघ रेघेसारखी ठसठशीत दिसते. माणूस एका जागी जीव लावून बघत असला, की बाकीचं बरंचसं त्याच नाक्यावर अडत असावं, असा त्याच्या सरांचा कयास होता. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

"म्हैस नाक्यावर अडली, म्हणूनच अंगठा दिसला असेल, दादा," तो कप्तानाला म्हणाला.

कप्तान भोपळ्यापुढून उठला. मग त्याने आपल्या त्या गड्याला जवळ बोलावलं आणि पाय लागला होता का ते खरं सांग म्हणाला. वडील खिशातल्या शिट्टीवर हात ठेवून उभे होते.

गडी म्हणाला, "लागला हुता. म्हैस मला बी न्हाई दिसली."