पिशवी काढायला निघालेल्या शीलाकाकू

महागावच्या बाजारात शीलाकाकू दिसल्या की भाजीवाला आधी पाणी पिऊन घेतो. साधी भेंडी घ्यायची तरी काकू शेंडा मोडणार, कुठल्या मळ्याची विचारणार, कालची का आजची विचारणार, आणि शेवटी घेणार पावशेर. अशी बाई स्वतःच्या पोटातला एक अवयव मात्र एकही प्रश्न न विचारता देऊन टाकायला निघाली होती.

वर्षभर महिन्यातले अर्धे दिवस त्यांच्या अंगावरून जात होतं. कापूस वेचताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यांच्या घरात या दुखण्याचा इलाज पिढीजात ठरलेला आहे: पिशवी काढणे. सासू हंसाबाईंची काढलेली, मोठी जाऊ बबिताची काढलेली. लेकरं झाली की पिशवीचं काम संपलं, आणि वेचणी संपली की ऑपरेशनला सवड. तारीख घरीच निघाली. डॉक्टरला विचारायचं राहूनच गेलं.

गाडी माझी, म्हणून मी शेजारधर्माला. मागच्या सीटवर तीन बायका, दोन गाद्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. या विषयात माझं ज्ञान बेताचंच, कारण शाळेत सरांनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून पान उलटलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात मी पडद्याबाहेर बसलो. हंसाबाईंच्या आवाजाला पडदा अडवू शकत नाही.

“पिशवी काढायला कोणी सांगितलं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आमीच ठरवलं न. वेचणी झाली.”

“सोनोग्राफी केली?”

“थे काढल्यावर करा की!”

सोनोग्राफी अर्थातच काढण्याच्या आधी झाली. रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. पिशवीच्या आत मांसाचा एक कोंब होता, बोराएवढा. “दुर्बिणीनं आत बघून तेवढाच काढता येतो. पोटावर टाका नाही. काहींना गोळ्या पुरतात, काहींना तांबीसारखी औषधाची वस्तू आत बसवतो. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय.”

आणि तिथे बाजारातल्या शीलाकाकू जाग्या झाल्या.

“कोंब परत उगवन का?”

“उगवू शकतो. म्हणून तपासणीला यायचं.”

“कॅन्सर असन तर?”

“तुकडा तपासायला पाठवू. तसं निघालं, तर पिशवी काढा असं मीच सांगेन.”

“अन् पिशवीसंग आणखी काय काय काढता?”

“कधी कधी बीजांडकोशही काढावे लागतात. या वयात ते गेले तर अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात.”

“म्हून मले थंडीतबी पंखा लागते!” बबिताकाकू एकदम बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, “माहे काढले का ठेवले, मले कोणी सांगतलंच नाई. मीबी इचारलं नाई.”

हंसाबाईंना वेगळीच काळजी. “सगळ्याईले सांगून आलो व शीला. आता तशीच वापस गेली, त लोकं काय म्हणतीन?”

“आत्याबाई, पिशवी माही हाय, लोकाईची नाई.”

“गाद्या गाडीतच राहू दे,” हंसाबाईंनी पडद्याआडून मला सांगितलं.

ठरलेल्या दिवशी कोंब निघाला. दुसऱ्या दिवशी काकू आपल्या पायांनी चालत येऊन गाडीत बसल्या. पाहुण्या बाया भेटायला आल्या, तर रोगी अंगणात चहाचे कप मांडून राह्यलेली. एकदोघींचा चेहरा चांगलाच पडला. एवढ्या लांबून येऊन साधं कण्हणंही ऐकायला मिळालं नाही. पुढे तपासणीचा रिपोर्ट आला, निर्धोक. लोहाच्या गोळ्यांनी रक्त चढलं. पाळी पाळीसारखी येऊ लागली.

बबिताकाकूंनी आपली जुनी फाईल शोधून काढली आणि हाडांची तपासणी करायला स्वतः यवतमाळ गाठलं. एसटीनं, एकटीनं.

उन्हाळ्यात गावातल्या नागोराव पाटलांच्या घरी लग्न होतं. डागाच्या धास्तीनं वर्षभर गडद लुगड्यांत वावरलेल्या शीलाकाकू मोतिया रंगाची साडी नेसून आल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या, उठल्या, आणि मागे वळून खुर्चीकडे न बघता पंगतीकडे निघाल्या.

“नवरीपेक्षा तूच मिरवून राह्यली,” हंसाबाई म्हणाल्या.

“मंग? जागा धरा आत्याबाई, भूक लागली.”