ब्रेकबाई

गावात गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ब्रेकबाई म्हटलं की त्याचा उजवा पाय आपोआप हलतो. खोटं सांगत नाही. बाईंच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पहिला आठवडा इंजिन सुरूच व्हायचं नाही. शिकाऊ माणसाला बंद गाडीत बसवायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि मध्येच डॅशबोर्डावर फाडकन हात आपटून ओरडायचं, "ब्रेक!" पाय तिथल्या तिथे पडला पाहिजे. नाही पडला तर पुन्हा. डॉक्टर असो, दुकानदार असो, बाईंना भीडभाड नव्हती. गावातले निम्मे पाय त्यांनीच घडवले.

बाई बसायच्या त्या शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, तो त्यांच्या नवऱ्याने बसवलेला. तो फिटर. मितभाषी माणूस, सगळं बोलणं पान्यानेच. पुढे त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि तो चाकाच्या खुर्चीत आला. ट्रेनिंग स्कूल मुलाने हातात घेतलं.

खरी कटकट तिथून सुरू झाली. उपचारांसाठी नवऱ्याला पुलापलीकडच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे मुलाच्या गाडीत कोंबायचं, खुर्ची डिकीत घालायची आणि पुलाच्या तोंडाशी अडकून बसायचं. पुढे गाड्या, मागे गाड्या, बहुतेकांत एकेकटा माणूस. काचा बंद, एसी चालू, आणि बाहेर इंजिनांनी तापलेली हवा अंगावर येणारी. एका दुपारी तर कोंडी सुटता सुटेना आणि नवऱ्याचे कपडे गाडीतच ओले झाले. तो खिडकीकडे तोंड करून बसून राहिला. उभा जन्म ज्याने दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, त्याला स्वतःच्या मुलाच्या गाडीत मान वर करता येईना. बाईंनी त्याच्या मांडीवर आपली ओढणी टाकली आणि समोरच्या रांगेकडे बघितलं. पांढऱ्या गाडीत त्यांची विद्यार्थिनी. तिच्या पुढचा विद्यार्थी. त्याच्या पुढचाही.

घरी आल्यावर बाईंनी आपली गाडी विकायला काढली.

"आई, वेड लागलंय का?" मुलगा म्हणाला. "ट्रेनिंग स्कूलची मालकीण बसने फिरणार? लोक तोंडात बोटं घालतील!"

"घालू देत. तेवढाच हॉर्नवरचा हात निघेल."

त्याच सुमारास नगरपालिकेने पुलाच्या रस्त्यावर कडेची एक पट्टी फक्त बससाठी राखून ठेवली. पिवळी रेघ, प्लास्टिकचे खांब, झालं. सहा महिने चालवून बघायचं आणि मग ठरवायचं. पण काय फरक पडला म्हणून सांगू! नव्या बसची पायरी खाली झुकायची, खुर्ची सरळ आत जायची. कोंडीच्या शेजारून बस निघून जायची आणि नवरा इस्पितळाच्या दारात कोरड्या कपड्यांनी, ताठ मानेने उतरायचा. जाताना अडकलेल्या गाड्यांकडे बघून अर्ध्या तोंडाने हसायचासुद्धा.

गाडीवाल्यांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. आमचा रस्ता चोरला म्हणे! सभा झाली, आणि सभेत सगळ्यांत पुढे कोण, तर बाईंचा मुलगा. बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"टीव्हीवर पूर आणि वणवे बघून हळहळता. उन्हाळा सोसवत नाही म्हणता. आणि कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढता! हा धूर काय शेजारचं गाव सोडतं? बस भरून जाऊ दे, सायकली जाऊ देत, मग ज्याला खरंच गरज आहे त्याची गाडीही पुढे सरकेल."

"काकू, गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत ना?" कुणीतरी टोमणा मारला.

"थांबायलाही शिकवलं होतं. ते बरं विसरलात!"

हशा झाला, पण बाई गेल्यावर ठरायचं ते ठरलंच. पाहणीला नगरपालिकेचा इंजिनिअर येणार त्या सकाळी खांब काढून टाकायचे आणि सगळ्यांनी गाड्या बसच्या पट्टीत घालायच्या. बस अडकली की आपोआप सिद्ध होतं, पट्टी बिनकामाची. मुलाने घरी अवाक्षर काढलं नाही. पण सकाळी वडिलांच्या नजरेला नजर न देता तो बाहेर पडला, तेव्हाच बाई काय ते समजल्या.

इस्पितळाचाच दिवस होता. बाईंनी नवऱ्याला बसमध्ये चढवलं, खुर्चीचा पट्टा आवळला. थांब्याच्या जरा पुढे पट्टी सुरू व्हायची. खांब गायब होते आणि बाजूच्या रांगेतून गाड्या आत वळायला लागल्या होत्या. पुढची गाडी ट्रेनिंग स्कूलची. चालवतोय मुलगा.

बसच्या ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "गेलं आता. दुपार होईल पोचायला."

नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. तसंच, त्या दुपारसारखं. बाईंना जो संताप आला तो आला.

"दार उघडा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

धावतच गेल्या. गुडघे कुरकुरत होते, कुरकुरू देत. पट्टीच्या तोंडावर त्या मधोमध उभ्या राहिल्या. मुलाची गाडी हळूहळू वळत अंगावर येत होती. त्याने काच खाली केली. "आई, बाजूला हो! सगळे बघतायत!"

बाईंनी बॉनेटवर फाडकन हात आपटला.

"ब्रेक!"

गाडी जागच्या जागी थांबली. मागची थांबली. तिच्या मागची, आणि तिच्याही मागची. आवाज जिथवर पोचला तिथवर पाय पडले. माणसांनी ठरवलं नव्हतं, पाय त्यांना विचारायला थांबलेच नाहीत. कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली, पण पुढे यायची कुणाची बिशाद झाली नाही.

"आता रिव्हर्स," बाई म्हणाल्या. "मागच्यापासून सुरुवात. आरसा बघा. घाई करेल त्याला पहिल्या आठवड्यात बसवीन!"

एकेक गाडी मागे सरकून आपल्या रांगेत गेली. इंजिनिअर फुटपाथवर छत्री मिटून उभा होता, त्याला लिहायचं भान राहिलं नव्हतं. शेवटी मुलाचीच गाडी उरली.

"आई, माझं स्कूल बंद पडेल गं."

"नाही पडणार. बस चालवायलाही माणसं लागतात, त्यांना शिकव." बाईंचा आवाज आता खाली आला होता. "त्या दिवशी तुझ्या गाडीत बाबांचं काय झालं, ते तू पाहिलंयस. मी विसरायला तयार नाही. घे गाडी मागे, बाबांची बस जाऊ दे."

मुलाने एकदा बसच्या खिडकीकडे बघितलं. मग आरशात बघून, शिकवल्यासारखी, सावकाश गाडी मागे घेतली.

बस निघाली. बाईंना चढवायला ड्रायव्हर थांबत होता, पण त्यांनी हातानेच पुढे जा म्हणून सांगितलं. पुन्हा कुणी आत घुसू नये म्हणून त्या पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. नवरा त्यांच्यासमोरून गेला, मान ताठ, आणि चांगला हात खिडकीवर थोपटत.

मुलगा गाडी कडेला लावून खाली उतरला, आणि बाबांबरोबर जायला पुढच्या थांब्याकडे, बसच्या मागे पळत सुटला.