सरळ उभं राहायची सवय

‘वर काय केलंस ते सांगू नकोस. खाली कशी आलीस ते सांग.’

असं म्हणताना बाई ट्रॅम्पोलिनच्या लोखंडी कडेवर तळहात आपटायच्या. हवेत कोलांट्या मारून आलेलं पोर शाबासकीसाठी त्यांच्या तोंडाकडे बघत असायचं आणि बाई त्याच्या पावलांकडे. तुमच्याही शाळेत अशी एक बाई असेल: जिला खूश करणं अशक्य, आणि तरी सगळ्या वर्गाला तिलाच खूश करायचं असतं.

सिंगापुरात सेम्बावांगला, जुन्या गोदीच्या बाजूला, एका औद्योगिक इमारतीत आमचा क्लब होता. मी तिथे मुलांच्या उड्यांचं चित्रीकरण करायचे आणि ते संथ गतीने लावून दाखवायचे. बाई पुण्याच्या, मूळच्या दोरीच्या मल्लखांबातल्या, नंतर जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षक. मराठी मुलं त्यांना बाई म्हणायची, म्हणून चिनी मुलंही ‘कोच बाई’ म्हणू लागली. ‘बाई’ हे चिनी आडनावही असतं, म्हणून नवे पालक या नावाची चिनी कोच शोधत यायचे आणि टी-शर्टवर कुंकू लावलेल्या, बडीशेप चघळणाऱ्या बाई समोर दिसल्या की दारावरची पाटी पुन्हा वाचायचे.

त्या गोड नव्हत्या, हे आधीच सांगते. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांवरच्या, कोपीला, इथल्या काळ्याकुट्ट कॉफीला, त्या डांबर म्हणायच्या आणि दोन कप प्यायच्या. चूक कबूल करायची वेळ आली की त्यांना हटकून कुणाचा तरी फोन यायचा. पोरांना ‘ए ठोंब्या’ अशी हाक मारायच्या, आणि ज्याला ती हाक मिळायची नाही ते पोर दिवसभर हिरमुसलेलं असायचं.

आमचा क्लब फ्रीस्टाइल स्कीइंगचा होता. हसा. मीही हसले होते. सिंगापुरात बर्फ दिसतो तो आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या बर्फाच्या गोळ्याच्या, वाडग्यात! पण या खेळाचा एक प्रकार असा आहे की पायाला स्की बांधून बर्फाच्या चढणीवरून आकाशात झेपावायचं, कोलांट्या मारायच्या आणि पलीकडच्या तीव्र उतारावर पाय टेकायचे. स्कीवाल्याला कोलांटी शिकवण्यापेक्षा कोलांटी येणाऱ्याला स्की बांधणं सोपं, हे काही देशांनी ओळखलं आणि जिम्नॅस्ट मुली उचलल्या. आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी ते वाचलं. बर्फ नाही तर नाही, ट्रॅम्पोलिन आहे आणि बाई आहेत.

या खेळाचा इतिहास मला बाईंनीच कोपी पिता पिता सांगितला.

‘सुरू कुणी केला माहितीये? उनाडांनी. शर्यतीच्या शिस्तीला कंटाळलेली पोरं. कुणी कोलांटी मारतंय, कुणी उंचवट्यांवरून टणाटण उड्या मारत खाली येतंय, कुणी गाणं लावून स्कीवर नाचतंय. मग बक्षिसं आली, टीव्ही आला, आणि मोडलेल्या पाठी आल्या. विमावाले घाबरले, म्हणून कुठे कुठे कोलांट्या बंद. मग नियम, पंच, वर्ल्ड कप, ऑलिम्पिक. कोलांट्या परत आत आल्या. नाच मात्र बाहेर काढला.’

‘का हो?’

‘त्यात कुणी मरत नव्हतं ना!’ बाई म्हणाल्या आणि माझ्या ताटातली भजी उचलली.

मी नंतर गुणांची पद्धत नीट वाचली आणि माझं डोकं तापलं. झेप, शरीराची ठेवण आणि उतरणं यांचे गुण पंच देतात, आणि मग त्या बेरजेला उडी किती अवघड होती त्या आकड्याने गुणतात. मुलीची पाठ पणाला लावा असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. तिथे फक्त गुणाकार आहे. बाकीचं माणसं आपण होऊन करतात.

आमच्याकडे ते अध्यक्षांनी केलं. अध्यक्ष मराठीच, इथले नागरिक, बँकेत जोखीम मोजण्याच्या विभागात मोठ्या हुद्द्यावर. त्यांची मुलगी रेवा सोळा वर्षांची होती आणि लहानपणापासून बाईंच्या हाताखाली होती. हवेत ती अशी वळायची की माझा कॅमेरा मागे पडायचा. त्या हिवाळ्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिने दुहेरी कोलांटी मारावी, असं अध्यक्षांनी ठरवलं होतं.

त्याआधी आम्ही परदेशात सरावाला गेलो. बर्फावर नवी उडी मारण्याआधी ती पाण्यावर सिद्ध करायची, अशी या खेळाची रीत आहे. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून सुटायचं आणि तलावात पडायचं. रेवाच्या उड्या एकामागून एक पास होत गेल्या. सगळे टाळ्या वाजवत होते. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘शेवटचं लाव. अगदी संथ.’

मी लावलं. पुन्हा लावलं. बाईंचा चेहरा उतरला.

‘मेणबत्तीसारखी सरळ येतीये पोर.’

‘मग छान ना?’

‘छान काय छान! खाली उतार असणार आहे. उतारावर दरीकडे झुकून उतरायचं असतं. सरळ उभी राहिली तर स्कीचं मागचं टोक आधी टेकणार आणि ही उताणी. पाण्यात कळतच नाही. पाणी पोटात घेतं.’ मग त्यांनी स्वतःच व्हिडिओ पुन्हा मागे नेला. ‘हे मी शिकवलंय गं. उडी संपली की पाय जुळव, छाती पुढे, सरळ उभी राहा. मल्लखांबावरून उतरलेलं पोर जरा वाकलं तरी मी पोटरीवर फटका द्यायची. तिच्या हाडात घातलंय मी ते.’

त्या वेळी त्यांना कुणाचा फोन आला नाही.

परत आल्यावर बाई अध्यक्षांकडे गेल्या. मी व्हिडिओ दाखवायला सोबत होते.

‘पाण्यावरच्या उड्या पास आहेत ना, बाई? नियमात बसतंय ना?’

‘बसतंय, साहेब.’

‘मग अडतंय कुठे?’

‘पाण्याने माफ केलंय तिला. बर्फ नाही करणार. एक वर्ष द्या, मी हे तिच्या अंगातून काढते. तोवर एकेरी मारू दे.’

‘एकेरीने शेवटचा नंबर येईल.’

‘येऊ दे.’

‘देशाचं नाव आहे हो!’

‘पाठ पोरीची आहे.’

अध्यक्ष हसले. ‘तुम्ही घाबरलात.’

‘घाबरले. त्याचाच पगार घेते मी.’

दारात रेवा उभी होती, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘कॅन ला, बाबा. आय कॅन डू.’

बाई गर्रकन वळल्या. ‘तू गप गं. सोळाव्या वर्षी सगळंच कॅन असतं.’

बाईंना कामावरून काढलं. काम गेलं की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, रद्द, आणि पास रद्द झाला की थोड्याच दिवसांत देश सोडायचा. या शहराचा हा नियम आपल्याला इतका पाठ आहे की त्यातला अन्याय आपल्याला दिसेनासा झालाय. जरा बघा काय केलंय ते. मुलांच्या जिवाची काळजी घ्यायला एक माणूस नेमला. वेळ आली की ‘नाही’ म्हणायचं, हे त्याचं काम. आणि ज्याला नाही म्हणायचं त्याच्याच हातात त्या माणसाचं छप्पर, त्याची खोली, त्याचा रस्त्यावरून चालायचा हक्क. अशा माणसाकडून खरं ऐकायची अपेक्षा कोण करतं? बाईंनी ते सांगितलं, हा अपवाद. आणि अपवादाला इथे विमानतळाचा रस्ता दाखवतात.

आपली मंडळी काय म्हणाली ते ऐका. गणेशोत्सवाच्या सभागृहात, मोदकाची वाटी हातात घेऊन: ‘बाईंनी जरा नमतं घ्यायला हवं होतं.’ ‘अध्यक्ष तसे चांगले आहेत हो.’ दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांची जोखीम मोजणारी ही माणसं. एका मुलीच्या मणक्याचा प्रश्न आला तेव्हा एकालाही हिशेब सुचला नाही.

हिवाळ्यात नव्या प्रशिक्षकाबरोबर रेवा गेली आणि तिने दुहेरी कोलांटी मारली.

ती पडली नाही. उभी राहिली.

मी आनंदाने किंचाळले, खोटं कशाला सांगू! पण मग जे सुरू झालं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. क्लबच्या हॉलमध्ये केक आला. ‘बघा, बाई उगाच घाबरवत होत्या,’ असं ज्याच्या त्याच्या तोंडी. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे पोहोचला, म्हणून रस्त्यावर गाड्या नव्हत्या असं म्हणायचं का? अध्यक्षांनी केक कापता कापता सांगून टाकलं की पुढच्या हंगामात याच उडीत फिरक्या वाढवायच्या.

दुसऱ्या दिवशी रेवा माझ्याकडे आली. ‘दीदी, माझी उडी लाव ना. स्लो.’

लावली. सरळ, मेणबत्तीसारखी खाली येणारी रेवा. स्कीचं मागचं टोक आधी टेकलं. पाठ मागे गेली, एक हात बर्फाला घासला, आणि मग कशी कोण जाणे ती सावरली. रेवाने ते पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि मला न विचारता माझ्या फोनवरून बाईंना व्हिडिओ पाठवून फोन लावला.

बाईंनी अभिनंदन केलं नाही. ‘हात टेकलाय,’ त्या म्हणाल्या.

‘हो, बाई.’

‘पाठ दुखतीये?’

‘नाही.’

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. ‘ठोंबी,’ बाई म्हणाल्या.

उतरणं सुधारेपर्यंत दुहेरी मारणार नाही, असं रेवाने घरी सांगितलं. अध्यक्ष हॉलमध्येच तिच्यावर ओरडले. ती मॅटवर बसून पायाची पट्टी सोडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘देन यू जंप ला, बाबा.’  एवढ्या मोठ्या समाजात हे बोलायला एक सोळा वर्षांची पोर लागली, याची लाज कुणाला वाटली असेल तर मला दिसली नाही.

शेवटी अध्यक्षांनी बाईंना फोन केला. नवा पास काढू म्हणाले. बाईंनी मला नंतर सांगितलं, आवाजात जराही मऊपणा नव्हता: ‘मी म्हटलं, साहेब, पास तुमच्या मुठीत आणि “नाही” माझ्या तोंडात, हे एकदा करून झालं. मुलीला शिकवीन. तिथे येणार नाही.’

परवा त्यांचा पहिला व्हिडिओ आला. पुण्यातली कुठलीशी टेकडी, वाळलेलं गवत, फोन धरणाऱ्याचा हात हलतोय. बाई उतारावर उभ्या आहेत, ओढणी कमरेला खोचलेली. गुडघे वाकवून, हात पुढे करून त्या अंग दरीकडे झोकून देतात. पाय घसरतो. एक सणसणीत शिवी ऐकू येते. ‘हे नको बघूस,’ कॅमेऱ्याकडे बघून त्या दरडावतात, पुन्हा चढून जागेवर येतात आणि पुन्हा झुकतात. या वेळी टिकतात. साठीला आलेली बाई, जन्मभर ताठ उभी राहिलेली, आता पुढे कललेली, आणि वाऱ्याने पांढरे केस सगळे चेहऱ्यावर.

रेवाने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि उतरत्या मॅटवर जाऊन तशीच उभी राहिली. व्हिडिओ संपला. पडद्यावर बाई झुकलेल्याच थांबल्या. मी फोन घ्यायला पुढे झाले तर रेवा म्हणाली, ‘राहू दे, दीदी.’